मार्गेबापूंची घोषणा

आम्ही अमरावतीच्या या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून कपाट उतरत असताना शेजारच्या फाटकातून एक उंच, शिडशिडीत गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझे नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही, नोकरीचीही चौकशी केली नाही. त्यांनी विचारले, "तुमी अकोल्याहून आले जी, का अकोल्यावरून?"

दोन्ही एकच, असे मी म्हणालो. विनातिकीट प्रवाशाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"एक कसं? अकोल्याहून म्हणजे तिथं तुमचं घर होतं, कोणीतरी मांगं राह्यलं. अकोल्यावरून म्हणजे नुसता थांबा. चहा पेले, निंघाले."

मी थोडा विचार केला आणि सांगितले की, अकोल्याहून. आई तिथेच धाकट्या भावाकडे असते. त्यांचा चेहरा निवळला. "मंग बराबर," असे म्हणून त्यांनी कपाटाचे दुसरे टोक धरले.

हे पुंडलिकराव वानखडे. कॉलनीत मात्र त्यांना या नावाने कोणी ओळखत नाही. तेथे ते मार्गेबापू आहेत. नोकरीची सारी वर्षे त्यांनी वेगवेगळ्या बसस्थानकांवर, काचेच्या खिडकीआड, ध्वनिक्षेपकासमोर काढली. "अमरावतीहून अकोल्याकडे जाणारी, बडनेरा, मूर्तिजापूरमार्गे…" हे त्यांचे आयुष्यभराचे वाक्य. गावांची नावे बदलत, 'हून', 'कडे' आणि 'मार्गे' तेवढे कायम राहत. निवृत्त झाल्यावर गावे सुटली आणि हे तिघे त्यांच्याबरोबर घरी आले.

त्यांना आवाज दोन. एक घरातला, वऱ्हाडी, सैल, 'मले' आणि 'तुले'चा. दुसरा ध्वनिक्षेपकाचा: शुद्ध, संथ, प्रत्येक प्रत्यय स्वतंत्र तोलून उच्चारलेला. एका आवाजातून दुसऱ्यात ते असे जात की ऐकणाऱ्याला आणखी कोणी खोलीत आले आहे असे वाटावे.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, हे कळल्यावर त्यांचे माझ्याकडे येणे वाढले. पुस्तके त्यांना नको असत. निरनिराळ्या भाषांत माणसे एकमेकांशी आणि वस्तूंशी कोणत्या शब्दाने जोडली जातात, एवढेच त्यांना हवे असे. धारणीच्या स्थानकावर असताना त्यांनी कोरकू बोलणाऱ्या प्रवाशांना विचारून घेतले होते. बिऱ्हाड घेऊन कामाला निघालेल्या तेलुगू मजुरांना विचारले होते. इंग्रजीचे ओझे माझ्यावर होते.

इंग्रजीबद्दल त्यांचे मत फारसे बरे नव्हते. प्रवासी 'ऑन द बस' असतो, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले की, धारणीच्या बाजूला जीपच्या टपावर माणसे बसतात, तिथे हा शब्द चालेल. अमरावतीत तो बोलला तर लोक शिडी शोधतील. इंग्रजीत भाऊ, दम आणि मोटारसायकल या तिन्ही गोष्टी माणसाजवळ एकाच क्रियापदाने असतात, याचे तर त्यांना खरोखर वाईट वाटले. "आपल्यात पाहा. मले भाऊ हाय. माह्याकडे गाडी हाय. माह्यात दम नाई. भावाले आन् गाडीले एका गाठोड्यात बांधाचं नसते, जी."

हिंदीतल्या 'से'ची मात्र त्यांना दया येई. चाकू से, अकोला से, उससे पूछो, उससे डरो, उससे शादी, सगळीकडे तोच. ते म्हणत, "पाच टेबलाचं काम एकाच बाबूवर टाकलं. बिचारा रजा बी मांगत नाई." वरूडहून संत्री घेऊन हातगाडीवाला दारात येई तेव्हा ते त्याला विचारत की, संत्री तुझ्याकडे आहेत की तुझ्याजवळ. तो शांतपणे वजनकाटा खाली ठेवून म्हणे, "बापू, घ्याची हाय का नाई थे सांगा."

त्यांचा सर्वांत लाडका सिद्धान्त वेगळाच होता. इंग्रजीत दिशा आधी येते आणि गाव मागून. त्यामुळे 'टू' ऐकताच स्थानकावरचा प्रत्येक जण उठून उभा राहणार. मराठीत गाव आधी. ज्याचे गाव त्याचेच कान उभे राहतात, मग दिशा येते. "आन् आणखी एक पाहा," ते एकदा आवाज खाली आणून म्हणाले, जणू घरातली गोष्ट सांगत असावेत. "अकोला. कसा ताठ उभा हाय. आता त्याच्या मांगं 'कडे' लावा. लगेच 'अकोल्या' होते. वाकते थो. मांगं कोणी येऊन राह्यलं, हे त्याले समजते. इंग्रजीतला अकोला पाहा, 'टू' लावा, 'फ्रॉम' लावा, ताठच्या ताठ."

याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, असे मी ग्रंथपालाच्या तत्परतेने सांगितले.

"सामान्य कायले म्हणता?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "लय मोठी गोष्ट हाय थे."

या साऱ्याचा भार ज्यांच्यावर पडे त्या वच्छलाकाकू. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलण्यात धारदार. घरातल्या मधल्या वाटेत त्यांचे शिलाई मशीन होते आणि कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यावर शिवले जात. नवऱ्याचे कौतुक त्या तक्रारीच्या स्वरूपात करीत. "यायले जेवाले वाढलं तं इचारते, भाजी ताटात, भाकर ताटात, मंग माणूस ताटावर कसा बसते? म्या म्हनलं, आधी बसा, नाईतर ताट चाललं आत." बापू निमूटपणे बसत. पहिल्या घासाबरोबर मात्र हळूच म्हणत, "बसतो तं पाटावरच."

बापूंची आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे घडले. नोकरीच्या सुरुवातीला, तालुक्याच्या एका स्थानकावर, आगारातून निघाल्याचे ऐकून त्यांनी एक गाडी पुकारली होती. गर्दी बोचकी घेऊन फलाटाकडे धावली. गाडी आगाराच्या फाटकातच बंद पडली होती. बाकीचे लोक शिव्या देत सावलीत परतले. एक म्हातारी मात्र दुपारभर उन्हात तिथेच उभी राहिली, कारण माइकवरच्या माणसाने सांगितले होते. तेव्हापासून गाडी फलाटावर लागल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असा त्यांनी नियम केला. तो त्यांनी नोकरीबरोबर सोडला नाही आणि नोकरीपुरताही ठेवला नाही. मुलीचे, मंदाचे, लग्न ठरल्याचे कॉलनीला मांडवाचे बांबू उतरले तेव्हा कळले; मांडववाल्यालाही आधी एवढेच सांगितले होते की, काही काम निघू शकते. काकू तर म्हणत, "मंदा पोटात होती तवा मायेरी सांगू देलं नाई यायनं. पोट दिसून राह्यलं होतं तरी."

मागच्या हिवाळ्यात काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. दवाखान्यातून त्या घरी आल्या खऱ्या, पण नंतर कोणाला दिसल्या नाहीत. मशीनची घरघर थांबली आणि आमच्या दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीला प्रथमच शांतता म्हणजे काय ते कळले. माझी पत्नी डबा घेऊन गेली की बापू तो फाटकातच हातात घेत. काकू कशा आहेत, असे विचारले की म्हणत, "गाडी डेपोत हाय." कधी म्हणत, "काम चालू हाय." पत्नीला याचा राग येई. बायको अंथरुणावर आहे आणि माणसाला अजून बसगाड्या सुचतात, असे ती म्हणे. मी तिला गप्प करीत असे. पण मनात मलाही ते रुचत नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे लिहितो.

मंदा अकोल्याला असते. ती दर रविवारी येई, दिवसभर राही आणि जाताना आमच्या फाटकाशी थांबे. आईबाबांना आपल्याकडे न्यावे, असे तिच्या मनात होते. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई एकदा वर गेली की पुन्हा खाली उतरणार नाही, हे तिलाही दिसत होते. म्हणून तिचे आणि बापूंचे ठरले होते: बापूंना जोवर झेपते आहे तोवर दोघे अमरावतीत, ज्या दिवशी झेपेनासे होईल त्या दिवशी दोघे अकोल्याला. यावर बापूंनी मान हलवली होती, पण आपण अकोल्याला येऊ ते परतीचे तिकीट काढूनच, असेही बजावले होते.

अशा वेळी मला तो आवाज ऐकू येऊ लागला.

सकाळी मी दाढी करीत असताना भिंतीपलीकडून ध्वनिक्षेपकाचा आवाज येई. यंत्र अर्थातच नव्हते, आवाज बापूंचाच. शब्द नीट लागत नसत. "…कडे जाणारी…" मग काही अस्पष्ट. "…मार्गे…" मग दीर्घ शांतता आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. एकदा स्पष्ट ऐकू आले, "विलंबाबद्दल दिलगीर आहोत." रविवारी मात्र काही नाही. मंदा असली की ते गप्प असतात, याचा अर्थ आपल्याला काय होते आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि ते लपवीत आहेत, असा मी निष्कर्ष काढला. रिकाम्या घरात, न बोलणाऱ्या बायकोसमोर, तो माणूस पुन्हा आपल्या खिडकीत जाऊन बसला आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. शेजारच्या दारावर टकटक करून विचारणे हा सरळ मार्ग होता. पण मला अवघड प्रश्न समोरासमोर विचारता येत नाहीत. माझ्या भिडस्तपणाला मी नेहमीच सभ्यता समजत आलो आहे. मी मंदाला फोन केला.

फोनवर मी फार सौम्य शब्द वापरले. त्यानेच घोटाळा झाला. हळू बोलणाऱ्या माणसाने बातमी आणखी हळू सांगितली की ऐकणाऱ्याला ती असते त्याहून भयंकर वाटते.

दुसऱ्याच सकाळी भाड्याची जीप घेऊन मंदा दारात हजर झाली. मला पाहून म्हणाली, "काका, तुमी सांगतलं थे बरं केलं. आज दोघायलेबी घेऊनच जाईन." मी तिच्यामागून गेलो. जाणे भाग होते.

बापूंनी दार उघडले. त्यांनी जीप पाहिली, मुलीला पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले.

"तुमी सांगतलं?"

मी मान हलवली. माफीची वाक्ये माझ्या तोंडात तयार होत होती. त्यांनी हात वर करून ती थांबवली.

"इंग्रजीत माणूस माणसासंग रागावते," ते म्हणाले, "आपल्यात माणसावर. मले सध्या दोन्हीले टाइम नाई. बसा."

मंदा बसली नाही. तिने बाबांना सांगितले की तिला सगळे कळले आहे, भिंतीआडून काय ऐकू येते तेही. आता वाद नको, दोन बॅगा भरायच्या आणि निघायचे. बापूंनी सारे ऐकून घेतले. उत्तर द्यायला त्यांच्यापाशी काहीतरी होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण ते अजून फलाटावर लागलेले नव्हते. मी त्यांना इतके कासावीस कधी पाहिले नव्हते. शेवटी ते एवढेच म्हणाले, "मंदे, गाडी उशिरानं हाय. पण हाय. थोडी बस."

ते आत गेले. आत कुजबूज झाली. काकूंचा जड आवाज काहीतरी नाकारीत होता, बापूंचा वऱ्हाडी आवाज समजूत घालीत होता. मग तो दुसरा आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आतल्या खोलीहून अंगणाकडे जाणारी, शिलाई मशीनमार्गे, उंबरठामार्गे…"

येथे ते थांबले. पुढचे शब्द मला पाठ होते: फलाटावर लागलेली आहे. ते त्यांना म्हणता येईनात.

"…येत आहे," ते म्हणाले.

त्या म्हातारीनंतर, न लागलेली गाडी त्यांनी पहिल्यांदाच पुकारली होती.

मधल्या वाटेत आधी काठीचे टोक दिसले. मग काकू. वाळलेल्या, पण उभ्या. उजवा पाय घासत येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. त्यांच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर, बापू. त्या बुटक्या बाईच्या मापाने ते उंच गृहस्थ वाकले होते आणि दोन्ही हात तिला न लावता तिच्या दोन्ही बाजूंना धरून होते. मशीनपाशी काकूंनी त्यावर डावा हात टेकला. मंदा धावत उठली. बापूंनी नुसती मान हलवून तिला जागीच थांबवले.

उंबरठ्याशी पाय अडला. एकदा उचलला, खाली आला. पुन्हा उचलला. जीपवाला फाटकाशी येऊन उभा राहिला होता. त्यानेही हातातली बिडी टाकली.

"थोड्या विलंबाने…" बापूंचा शुद्ध आवाज कापला.

"विलंब नका म्हनू," काकू जड जिभेने, पण अगदी स्पष्ट म्हणाल्या. "दम घेऊन राह्यली."

आणि त्यांनी दम घेतला, आणि पाय उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे आला. तिथून अंगणातल्या खुर्चीपर्यंतचा प्रवास फार मोठा नव्हता. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर नीट ठेवला, मग लेकीकडे पाहिले.

"मंदे, उभी काहून? चहा ठेव. हे सक्काळपासून ओरडून राह्यले, घसा सुकला असन यायचा."

मंदा आत गेली आणि बराच वेळ चहाचे भांडे सापडत नसल्यासारखी आत राहिली. मला मात्र हसू आले, आणि त्या हसण्याबरोबर छातीवरून काहीतरी उतरून गेले. आदल्या रात्रीपासून मी दोन म्हाताऱ्यांना त्यांच्या घरातून उठवले असे समजून तळमळत होतो. दुपारी जीप एकट्या मंदाला घेऊन परत गेली.

चहा पिताना बापूंनी सांगितले. व्यायाम शिकवणारा येऊन गेला होता, काय करायचे ते दाखवून गेला होता. पण काकू म्हणत, पाय ऐकत नाही. बापूंनी विचार केला की आपल्या आवाजाने भरगच्च स्थानकातली माणसे उठून चालू लागत, तर एका पायाने का चालू नये. सुरुवातीला खाटेहून भिंतीकडे. मग खाटेहून दाराकडे. महिनाभर गाडी मशीनच्या पुढे जाईना. रविवारी सुट्टी, कारण उंबरठा ओलांडल्याशिवाय मंदाला सांगायचे नाही, असे दोघांनी ठरवले होते. काकू त्यात सामील होत्या, हे ऐकून मंदाने आईकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "संगत लागली."

मी बापूंची क्षमा मागितली. आधी येऊन विचारायला हवे होते, असे म्हणालो. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तुमी फोन केला म्हणून उंबरठा झाला. नाई तं मशीनपर्यंतच लाइन होती." मग थोडे थांबून म्हणाले, "पण जी, मले बी भरवसा होता का, होईन आज? लागलीच नसती गाडी तं?"

त्यांच्या आवाजात तेव्हा जी भीती होती ती मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. इतके दिवस भिंतीपलीकडे ते ती एकट्यानेच सांभाळीत होते.

मी विचारले की, पुढे राहून हात का धरीत नाही. तो मार्ग सुरक्षित नव्हे का?

"हात धरला का थे माह्यावर भार टाकते," ते म्हणाले. "मांगं कोणी हाय, येवढं समजलं का पुरते."

आता त्यांची सेवा फाटकाबाहेरही सुरू झाली आहे. सकाळी मी दाढी करतो तेव्हा घोषणा होते: घराहून कोपऱ्याकडे, किराणा दुकानमार्गे. कॉलनीतले लोक त्यावर घड्याळ लावू लागले आहेत, आणि हातगाडीवाला काकू समोरून दिसल्या की गाडी बाजूला घेऊन त्यांना रस्ता देतो. काकू काठी टेकत पुढे. बापू एक पाऊल मागे, वाकलेले, हात तसेच अधांतरी. मी खिडकीतून पाहतो.

दुकानाच्या अलीकडे रस्त्याला थोडा चढ आहे. तिथे काकू थांबतात. मागे वळत नाहीत. वळले तर तोल जातो.

"हाय ना मांगं?" त्या विचारतात.

"हाय," बापू म्हणतात. तो एक शब्द ते ध्वनिक्षेपकाच्या आवाजात उच्चारीत नाहीत.